आयर्लंडमध्ये सॅमनसाठी गळ टाकताय? लायसन्स कुठं अडतं ते आधी वाचा

गेल्या फेब्रुवारीत फर्मॉयच्या पुलाजवळ पुण्याचा एक मुलगा भेटला. नवा रॉड, मांडीपर्यंतचे नवे बूट आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं लायसन्स. सहज नजर टाकली तर डिस्ट्रिक्टपुढं, म्हणजे ज्या मासेमारी विभागासाठी ते लायसन्स चालतं तिथं, 'कॉर्क' लिहिलेलं. म्हणाला, "काका, फर्मॉय कॉर्कमध्येच आहे ना?" आहे की, कॉर्क काउंटीतच आहे. पण मासेमारीच्या हिशेबात ब्लॅकवॉटर नदी लिझमोर डिस्ट्रिक्टमध्ये येते. त्याचे 56 युरो कॉर्क शहरातल्या ली नदीवर चालले असते, ब्लॅकवॉटरवर नाही.

सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. मासेमारीचे डिस्ट्रिक्ट 17 आहेत आणि त्यांच्या हद्दी काउंटीशी जुळत नाहीत. ड्रोज नदी लेट्रिममध्ये टुलाहनजवळ समुद्राला मिळते, पण तिचं लायसन्स बॅलीशॅननचं, आणि ते गाव डोनेगलमध्ये. तेव्हा फॉर्म भरताना आपला पत्ता किंवा काउंटी पाहू नका, नदीचं नाव शोधा आणि तिच्यापुढं लिहिलेला डिस्ट्रिक्ट निवडा. दोन-तीन नद्यांवर जायचं असेल तर सरळ 100 युरोचं सर्व डिस्ट्रिक्टचं वार्षिक लायसन्स घ्या.

पात्रतेचं फारसं काही नाही. नागरिकत्वाची अट नाही, आयआरपी कार्डही (परदेशी रहिवाशांचं नोंदणी कार्ड) लागत नाही. लोक उगाच पासपोर्ट स्कॅन करत बसतात. नाव, पत्ता, पैसे, झालं. इनलँड फिशरीज आयर्लंड या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन दुकानातून किंवा गळ-दोरी विकणाऱ्या दुकानातून मिळतं. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 10 युरो. मात्र लायसन्स ज्याच्या नावाचं, रॉड त्याच्याच हातात हवा. नवऱ्याच्या लायसन्सवर बायकोनं गळ टाकला तर तो गुन्हाच.

एक दिवसाचं लायसन्स 36 युरोला आणि 21 दिवसांचं 40 युरोला मिळतं, हे वाचून मी दोनदा खात्री केली होती. चार युरो वाचवायला एक दिवसाचं घेऊ नका, विशेषतः हंगामाच्या सुरुवातीला. डोंगरात रात्रभर पाऊस झाला की सकाळी नदी गढूळ होऊन फुगलेली असते. माशाला आमिष दिसत नाही आणि काठावर उभं राहणंही धोक्याचं. थंडी कडाक्याची असेल तर उलटा प्रकार: पाणी पाच अंशांच्या खाली गेलं की समुद्रातून नदीत वर निघालेला सॅमन बंधारा चढत नाही, खालच्या डोहात पडून राहतो. निघण्याआधी वॉटरलेव्हल डॉट आयई या सरकारी साइटवर नदीची पातळी पाहा. रेघ चढत असेल तर घरी बसा, उतरायला लागली की निघा. आणि ते 21 दिवस सलग मोजतात. तुमच्या 21 फेऱ्या नव्हेत.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. लायसन्स सरकारचं, मासेमारीचा हक्क मात्र बहुतेक ठिकाणी खाजगी मालकाचा, क्लबचा किंवा हॉटेलचा असतो. तिथलं पर्मिट वेगळं काढावं लागतं. काठावरची जमीन एकाची आणि पाण्यातल्या माशांचा हक्क दुसऱ्याचा, असंही असतं. शेतकऱ्यानं हसून "जा की" म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. नदीजवळच्या गळ-दोरीच्या दुकानात विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

तारखांची गंमत अशी की वार्षिक लायसन्स खरेदीच्या दिवसापासून वर्षभर चालत नाही, 31 डिसेंबरला संपतं. नाताळची भेट म्हणून डिसेंबरात चालू वर्षाचं घेणाऱ्यांचे पैसे पाण्यात. 'हंगाम 1 जानेवारीपासून' हेही सगळ्या नद्यांना लागू नाही. ड्रोज त्या दिवशी उघडते, ब्लॅकवॉटर आणि मॉय 1 फेब्रुवारीला. शिवाय सॅमनच्या सुमारे दीडशे नद्यांपैकी कोणती खुली, कोणती बंद आणि कुठं मासा धरून सोडून द्यायचा, हे दरवर्षी नव्यानं ठरतं. तो आदेश अगदी डिसेंबर संपता संपता निघतो, म्हणजे नियोजन करणाऱ्यानं काय करावं ते देवच जाणे. सोडून द्यायच्या नदीवर गांडूळ चालत नाही, आणि गळाच्या टोकाजवळ मासा निसटू न देणारा उलटा काटा असता कामा नये.

लायसन्सबरोबर लॉगबुक (माशांची नोंदवही) आणि टॅग (ठेवलेल्या माशाला लावायच्या पट्ट्या) येतात. टॅग हातात नसेल तर सॅमन ठेवता येत नाही, म्हणून 31 डिसेंबरच्या रात्री ऑनलाइन खरेदी करून सकाळी नदीवर पळू नका. मासा ठेवायचा ठरवलात की तिथंच टॅग कल्ल्यातून ओवायचा आणि लगेच लॉगबुकात नोंद करायची, घरी जाऊन नाही. 2024 च्या नियमांत 11 मेपर्यंत दिवसाला एक आणि एकूण तीनच मासे ठेवता येत होते. चालू वर्षाचा आकडा तपासून घ्या. गळाला लागलेला सॅमन विकायला बंदी आहे, ओळखीच्या हॉटेलवाल्यालाही.

जानेवारीत नवशिक्याला बहुतेक वेळा केल्ट लागतो, म्हणजे अंडी घालून समुद्राकडे परत निघालेला मासा. तोही चांदीसारखा चमकतो, त्यामुळे फसगत होते. पण डोकं मोठं आणि अंग सडपातळ, पोट आत गेलेलं, शेपटीची कड झिजलेली. कल्ला उचलून पाहिलात तर बऱ्याचदा तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे परजीवी चिकटलेले दिसतात. तो ठेवणं बेकायदा आहे. पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवा.

आणि लॉगबुक 19 ऑक्टोबरपर्यंत परत पाठवायचं, न वापरलेल्या टॅगसकट. ज्यांना वर्षभर एकही मासा मिळाला नाही, नेमके तेच हे विसरतात आणि मग त्यांना दंडाची नोटीस येते. 'काही मिळालं नाही' एवढं लिहून पाठवलं तरी काम भागतं.