पाऊस एकच, मोजपट्ट्या वेगवेगळ्या: ‘ढगफुटी’ या शब्दामागची पार्श्वभूमी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जोराचा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीला पूर आला, बाकीचं परत सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांनी व्हिडिओ पाहिलेच आहेत. मला लिहायचंय ते नंतरच्या भांडणाबद्दल. अंबाझरी लेआउटपासून बर्डीपर्यंत प्रत्येक टपरीवर तेव्हा एकच वाद चालू होता, ढगफुटी झाली की नाही झाली. ऐकायला साधा वाद आहे, पण त्या एका शब्दावर पुढचं सगळं अवलंबून होतं, चौकशी कशाची होणार, दोष कोणाच्या अंगावर येणार, पैसा कुठे लागणार. एवढ्या गुंत्याच्या प्रश्नाकडे वेगवेगळ्या विषयांची माणसं कशी बघतात आणि त्यांच्या मोजपट्ट्या मुळात आल्या कुठून, ते त्या निमित्ताने नीट मांडावंसं वाटलं.

फार जुन्या काळात जास्त शिरत नाही. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली, जल्प म्हणजे जिंकायला केलेली, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं. वितंडवाद हा शब्द आपण आजही रोज वापरतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार आहेत, एक मैत्रीने करायची संधाय संभाषा, दुसरी भांडून करायची विगृह्य संभाषा. पण त्या चर्चेचं नावच तद्विद्यसंभाषा, म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्याशी बोलणं. वैद्य वैद्याशी बोलतो, ठीक. वैद्य, गवंडी आणि कारकून एका खोलीत बसले तर कोणाचं मोजमाप धरायचं, ही अडचण त्यापेक्षा पुष्कळ उशिराची.

ती अडचण खरी वर आली विसाव्या शतकात, आणि गंमत वाटेल पण पुरावरूनच. अमेरिकेत १९३६ साली पूरनियंत्रणाचा कायदा झाला, त्यात अट होती की कामाचा फायदा कोणालाही होवो, तो खर्चापेक्षा जास्त असला पाहिजे. म्हणजे बांध, कालवा, घर, शेत सगळं एकाच मापात, पैशात, आणायचं. इंजिनियरच्या शेजारी अर्थशास्त्रज्ञाची खुर्ची पक्की झाली ती इथून. मग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विमानविरोधी तोफांचं काम सुधारायला एक चमू बसवला, त्यात शरीरशास्त्राचे लोक होते, भौतिकशास्त्राचे, गणिती, एक सर्व्हेअर, एक लष्करी अधिकारी. तोफेचं शिक्षण बहुतेकांचं नव्हतंच. तरी त्यांनी उपयोगी काम केलं, कारण तोफ कशी असते यापेक्षा तोफ, रडार आणि माणूस मिळून काय करतात हे त्यांनी पाहिलं. ऑपरेशन्स रिसर्च नावाचा विषय, म्हणजे कामकाजाचे निर्णय गणिताने तपासायचे, अशा कामांतून उभा राहिला आणि युद्धानंतर वीस-पंचवीस वर्षं अशी हवा होती की मॉडेल नीट मांडलं की कुठलाही प्रश्न सुटतो, शहराचा सुद्धा.

१९७३ ला त्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला. कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी, एक डिझाइनचा आणि एक नगररचनेचा, एक लेख लिहिला आणि म्हटलं की काही प्रश्न गणितासारखे नसतातच. त्यांनी अशा प्रश्नांची दहा लक्षणं सांगितली. त्यातलं पहिलंच माझ्या कामाचं आहे, की या प्रश्नांची पक्की व्याख्या करता येत नाही, आणि तुम्ही प्रश्न ज्या शब्दांत मांडता त्यातच उत्तर कुठे शोधायचं ते ठरून जातं. इंग्रजीत त्यांनी जो शब्द वापरला त्याचा अर्थ दुष्ट असा होतो, पण मराठीत मला ‘चिवट प्रश्न’ जास्त बरोबर वाटतं. एका बाजूने सोडवला की दुसरीकडून तोंड काढतो.

आपल्याकडे हे सगळं तुकड्यातुकड्याने आलं. नागपुरात १९५८ ला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा भर होता पिण्याचं पाणी आणि सांडपाणी यावर, १९७४ मध्ये तिच्या नावात पर्यावरण आलं. १९७८ च्या सुमारास नदीखोरे प्रकल्पांचं पर्यावरणाच्या अंगाने परीक्षण चालू झालं, १९९४ च्या अधिसूचनेने ते बऱ्याच प्रकल्पांना बंधनकारक झालं, २००६ ला ती बदलून नवीन आली. कागदावर पाहिलं तर छान आहे, एका अहवालात हवा, पाणी, माती, झाडं, माणसं सगळी प्रकरणं. पण असे अहवाल वाचणाऱ्याला लवकर कळतं की प्रकरणं एकमेकांशी बोलत नाहीत. पाण्याचा माणूस पाण्याचं लिहून मोकळा, समाजशास्त्राचा त्याचं लिहून मोकळा. शेवटी वर एक सारांश चिकटवतात.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथेच अडकलाय.

हवामान खात्याच्या हिशेबात ढगफुटी म्हणजे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. नागपुरात त्या रात्री शंभराच्या थोडा वर पडला, पण साधारण चार तासांत. म्हणजे सरासरी तासाला पंचवीस-सव्वीस. या मोजपट्टीने ढगफुटी नाही, विषय संपला. आता महसुलाची मोजपट्टी घ्या, तिथे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, मग पंचनामे आणि मदतीचा मार्ग मोकळा होतो. हवामान खात्याकडे मात्र ६४.५ ते ११५.५ म्हणजे नुसता ‘जोरदार’ पाऊस, त्याच्या वर ‘अति जोरदार’ सुरू होतो, आणि २०४.५ च्या पुढे आणखी वरची पायरी. एकच आकडा एका टेबलावर अतिवृष्टी, दुसऱ्या टेबलावर जोरदार, आणि टीव्हीवर ढगफुटी. पहिली दोन टेबलं आपापल्या जागी बरोबर, तरी माणूस गोंधळणार नाही तर काय.

आणि या तिन्ही आकड्यांत गटाराचा हिशेब येतच नाही. मी पाण्याच्या लाइन टाकणाऱ्यांसोबत बरीच वर्षं काढलीत म्हणून हे जरा उलगडून सांगतो. नाल्यात किती पाणी येईल याचं जे सूत्र आजही वापरतात ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एका आयरिश इंजिनियरने मांडलेल्या विचारावर उभं आहे, पावसाचा वेग गुणिले क्षेत्र गुणिले एक गुणांक. गुणांक म्हणजे पडलेल्या पाण्यातलं किती वाहून जातं. गवताच्या मोकळ्या जागेला ०.१ ते ०.३ धरतात, सिमेंट-डांबराला ०.८ ते ०.९५. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पडला तर दहा कोटी लिटर पाणी झालं, त्यातलं बागेतून फार तर तीन कोटी वाहील आणि सिमेंटवरून नऊ. पाऊस तोच. वरून सप्टेंबरचा शेवट, माती पोटभर प्यायलेली, तलाव भरलेला, म्हणजे मोकळ्या जमिनीचाही गुणांक वर गेलेला. शिवाय चार तासांची सरासरी नाल्याला कळत नाही, छोट्या नाल्याला भरून वाहायला अर्धा तास पुरतो, त्या रात्रीतला सगळ्यात वाईट अर्धा तास कोणता आणि त्यात किती पडला हा खरा प्रश्न होता. टपरीवर तो कोणी विचारला नाही, टीव्हीवरही मी तरी ऐकला नाही.

म्हणून ढगफुटी म्हटलं की दोष आभाळाचा होतो, आणि ‘ढगफुटी नाही’ म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतो मग घाबरायचं काय, साधाच पाऊस होता. दोन्हीकडून गुणांक, तलावाच्या ओव्हरफ्लोच्या खालचा अरुंद पूल, नाग नदीच्या काठावर सरकत आलेली बांधकामं, सगळं बाजूला पडतं. माझा कल कुठे आहे ते लपवत नाही, मला वाटतं की पहिल्या आठवड्यात तो शब्द एवढा वापरला गेला नसता तर नाल्यांचे नकाशे लवकर बाहेर आले असते.

असाच दुसरा फसवा शब्द म्हणजे ‘शंभर वर्षांतून एकदा’. आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. लोक समजतात की एकदा आला म्हणजे आता नातवंडांनीच बघायचा. हिशेब तसा नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता असा त्याचा अर्थ आहे, आणि गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदाचा टक्का कमी होत नाही. तीस वर्षांचं घराचं कर्ज धरा, तर लाल रेषेवरच्या घराला त्या काळात एकदा तरी पाणी लागायची शक्यता साधारण २६ टक्के आणि निळ्या रेषेवर जवळपास ७० टक्के. संख्याशास्त्रवाला हे सहज बोलतो, प्लॉट विकणारा बोलत नाही, आणि घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

प्रश्न नीट तोलला गेल्याचं एक उदाहरण मात्र याच भागातलं आहे. ३० मे २०२४ ला उत्तर अंबाझरी रोडजवळच्या शेतातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. बातमी देशभर पळाली. पण त्याच दिवशी खापरीकडचं आणि रामटेकचं केंद्र ४४ च्या आसपास होतं. शेजारच्याशी ताडून पाहिलं, यंत्र तपासलं, सेन्सर बिघडलेला निघाला, आकडा बाजूला ठेवला, एक-दोन दिवसांत विषय मिटला. इथे प्रश्न एकाच विद्येचा होता, तद्विद्य लोक बसले आणि सोडवून उठले. पुराचं तसं होऊ शकत नव्हतं.

पुराचं प्रकरण कोर्टात गेलं, जनहित याचिका झाली. कोर्टाची मोजपट्टी आणखीनच निराळी, तिथे शपथपत्रावर जे आलं ते. ओव्हरफ्लोच्या तोंडाशी असलेलं विवेकानंदांचं स्मारक पाण्याला अडवतं की नाही यावर बराच काथ्याकूट झाला. एका बाजूने सुरक्षेचे नियम, दुसऱ्या बाजूने लोकांच्या भावना, तिसऱ्या बाजूने प्रवाहाचं गणित. अंबाझरी तलाव १८७० च्या आसपासचा आहे, तेव्हाच्या शहराला पाणी प्यायला देण्यासाठी तो होता, खालच्या बाजूला एवढी वस्ती होईल असं कोणाच्या मनात नव्हतं. त्यामुळे आज धरणाची सुरक्षा बघणारा, नदी बघणारा, रस्ते बघणारा आणि बाग बघणारा असे चार हात एकाच पाण्याला लागतात. माझ्या मते स्मारकाच्या वादाला गरजेपेक्षा जास्त जागा मिळाली आणि पुलाच्या रुंदीला कमी, पण प्रवाहात अडथळा आहे का हे मोजून सांगा असा आग्रह धरला गेला हे मोठं काम झालं.

माझी मावशी कॉर्पोरेशन कॉलनीकडे तळमजल्यावर राहते. पंचनाम्याला आलेल्या मुलाने फॉर्मवर ‘पाणी किती’ या रकान्यात गुडघाभर असं लिहिलं. मावशी म्हणाली, “अरे बाबा, कोणाचा गुडघा, तुझा का माझा?” तो थांबला, मग तिनेच शिवणाची टेप आणून दिली, भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेपर्यंत मोजलं, तीन फूट दोन इंच. त्याने आकडा लिहिला. नंतर घर रंगवलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागे तिने ती रेषा तेवढी राहू दिली, पेन्सिलने तारीख टाकून, आणि या जूनमध्ये फ्रिज घेतला तो त्या रेषेच्या वर ओटा बांधून घेऊन त्यावर ठेवला.