सिनेमा पाहिलाय, मग पुस्तक कशाला?

शाळांना सुट्टी लागली की सांगलीत पालकांचा एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलानं हॅरी पॉटरचे आठही सिनेमे पाहिलेत, गोष्ट सगळी तोंडपाठ आहे, मग आता ती सात जाडजूड पुस्तकं घेऊन द्यायची कशाला? दुसऱ्या टोकाला पुस्तकं आधी वाचलेली मुलं असतात. ती सिनेमा बघताना काय काय गाळलं ते बोटांवर मोजतात आणि शेवटी सिनेमा फसलाय असं जाहीर करतात. या दोघांचं एका बाबतीत एकमत आहे: सिनेमा म्हणजे पुस्तकाचा सारांश. एकाला तो पुरेसा वाटतो, दुसऱ्याला अपुरा.

मी विश्रामबागेत मुलांचा वाचनगट चालवते आणि किशोरांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मला वाटतं, दोघांचंही मूळ गृहीतच चुकतं. सिनेमा हा सारांश नसतोच. गोष्ट सांगणारा बदललेला असतो, आणि सांगणारा बदलला की घटना त्याच राहिल्या तरी गोष्ट तीच राहत नाही. (पुढे काही रहस्यं उघड होणार आहेत. ज्यांचं वाचन अर्ध्यावर आहे त्यांनी आधी ते पूर्ण करावं.)

खरं तर सांगलीकरांना हे नवं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. रामायणाची गोष्ट प्रेक्षकांना पाठ होती. कीर्तनात, पुराणात ऐकलेली ती गोष्ट त्यांनी इथे डोळ्यांनी पाहिली. पण भाव्यांच्या नाटकात सूत्रधार हजर असायचा. तो पदं म्हणत कथा पुढे न्यायचा आणि पात्रं त्या पदांच्या आधारानं आपापली भाषणं करायची. म्हणजे सांगणं आणि दाखवणं एकाच वेळी, एकाच रंगमंचावर चालायचं. कादंबरीत हा सूत्रधार पानापानावर असतो. कुणाच्या मनात काय चाललंय, मागे काय घडलं, कोणाकडे संशयानं बघायचं, हे तोच ठरवतो. बहुतेक सिनेमांत त्याला रजा दिलेली असते. त्याच्या जागी कॅमेरा येतो, आणि कॅमेऱ्याला बाहेरचं तेवढं दिसतं.

याचा परिणाम बघायचा असेल तर तिसऱ्या हॅरी पॉटरइतकं चांगलं उदाहरण नाही. अझ्काबानच्या कैद्याचं पुस्तक १९९९चं, तर आल्फोन्सो क्वारोननं दिग्दर्शित केलेला सिनेमा २००४चा. वाचनगटात मी हे दोन्ही मुद्दाम शेजारी शेजारी ठेवते, कारण सिनेमानं काय गमावलं, काय कमावलं आणि काय नकळत बदललं, हे तिन्ही यात सापडतं.

गमावलं ते असं. हॅरीला एक जादूचा नकाशा मिळतो. त्यावर तो बनवणाऱ्या चौघांची टोपणनावं आहेत. हे चौघे म्हणजे हॅरीचे वडील जेम्स आणि त्यांचे तीन शाळासोबती, हे पुस्तकात उलगडतं. त्यातला एक म्हणजे ल्युपिन हा माणूसलांडगा. त्याला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून बाकीचे तिघे चोरून प्राण्याचं रूप घ्यायला शिकले होते आणि जेम्स शिंगाड्या हरणाचं रूप घ्यायचे. म्हणूनच शेवटी हॅरीच्या संरक्षक मंत्रातून शिंगाडं हरीण प्रकटतं, तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आठवतही नसलेला बाप मुलाच्या मदतीला आलेला असतो. सिनेमात नकाशा आहे, टोपणनावं आहेत, हरीणही आहे. पण ती नावं कोणाची, हे कुणी सांगतच नाही. त्यामुळे हरीण दिसतं सुंदर, पण त्याचा अर्थ फक्त पुस्तक वाचलेल्यालाच लागतो. सूत्रधाराची दोन पानं गेली आणि गोष्टीचा कणाच निखळला. या सिनेमाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

कमावलं तेही याच सिनेमात. हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी काळात तीन तास मागे जातात तो भाग घ्या. हॅग्रिडच्या झोपडीत बसलेल्या मुलांवर बाहेरून दगड येऊन आदळतात आणि त्यामुळे ती सावध होतात. कोणी मारले, ते आपल्याला कळत नाही. नंतर काळात मागे गेल्यावर तेच दगड हर्मायनीच फेकते. हे पुस्तकात नाही, सिनेमावाल्यांनी रचलंय. एकच घटना दोन कोनांतून दाखवायची ताकद कॅमेऱ्याकडे आहे आणि तिथे ती पुरेपूर वापरली आहे. शब्दांत हेच करायचं तर लेखकाला ‘तुम्हाला आठवत असेल’ असं कुठेतरी सुचवावं लागतं, आणि सुचवलं की गंमत निम्मी होते.

आणि बदललं ते स्नेप या कडक शिक्षकाचं. ल्युपिनचा लांडगा होतो त्या क्षणी सिनेमातला स्नेप तिन्ही मुलांच्या पुढे हात पसरून उभा राहतो. पुस्तकात त्या वेळी तो बेशुद्ध असतो. हा फरक फार मोठा आहे. पुस्तकांतलं जवळजवळ सगळं जग आपण हॅरीच्या नजरेतून बघतो. हॅरी स्नेपचा द्वेष करतो म्हणून आपणही करतो, आणि सातव्या पुस्तकात तो हॅरीच्याच बाजूचा होता हे सत्य कळतं तेव्हा हॅरीबरोबर आपलीही नजर खोटी ठरते. कॅमेरा मात्र हॅरीच्या डोळ्यांत अडकून बसत नाही. तो स्नेप साकारणाऱ्या ॲलन रिकमनचा चेहरा स्वतंत्रपणे बघतो. पुस्तकं पूर्ण व्हायच्या आधीच लेखिकेनं रिकमनला त्या पात्राच्या रहस्याचा एक धागा विश्वासानं सांगितला होता. सिनेमा पुन्हा बघताना त्याच्या थबकण्यात, रोखून बघण्यात तो धागा हाताला लागतो. म्हणजे पुस्तक आपल्याला फसवतं आणि सिनेमा आपल्याला सुगावा देतो. दोन्ही अनुभव मोलाचे आहेत, पण वेगळे आहेत. सिनेमा आधी पाहिला, तर पुस्तकातल्या त्या फसवणुकीला आपण कायमचे मुकतो. ‘आधी पुस्तक’ असा माझा आग्रह असतो तो यासाठी. पुस्तक श्रेष्ठ म्हणून नव्हे.

आता लांबीचा हिशेब बघू. पहिलं पुस्तक साधारण ७७ हजार शब्दांचं आहे आणि त्याचा सिनेमा १५२ मिनिटांचा. पाचवं पुस्तक सुमारे २ लाख ५७ हजार शब्दांचं, मालिकेतलं सगळ्यात जाड, आणि त्याचा सिनेमा १३८ मिनिटांचा! पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. तिपटीहून जास्त मजकूर आणि वेळ उलट कमी. तेव्हा गाळणं अटळ आहे, आणि ‘अमुक प्रसंग गाळला’ ही तक्रार एवढ्यावर टिकत नाही. विचारायचं ते हे, की त्या प्रसंगाला पुढचं काही टांगलेलं होतं का? डॉबी या घरकाम करणाऱ्या जादुई जिवाचं बघा. पुस्तकांत तो दुसऱ्या भागानंतर चौथ्यात आणि पाचव्यातही येतो, हॅरीच्या उपयोगी पडतो. तलावातल्या शर्यतीसाठी लागणारी पाणवनस्पती चौथ्या पुस्तकात डॉबी आणून देतो, सिनेमात हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल देतो. एकेकट्या सिनेमापुरती ही तडजोड चालून जाते. पण सातव्यात डॉबी हॅरीसाठी जीव देतो, तेव्हा सिनेमाच्या प्रेक्षकाला मधल्या वर्षांतली त्याची सोबत मिळालेलीच नसते. रडू दोघांनाही येतं. वाचकाचं रडू जुन्या मित्रासाठी असतं.

वेळेचाच आणखी एक फरक आहे. एरागॉन या कादंबरीत अंड्यातून बाहेर आलेलं ड्रॅगनचं पिल्लू महिनोन् महिने वाढतं. एरागॉन त्याला रानात लपवतो, मांस आणून घालतो, त्याच्याशी बोलायला शिकतो. २००६च्या सिनेमात ते पिल्लू आकाशात झेपावतं, प्रकाशाचा लखलखाट होतो आणि पूर्ण वाढलेली सफिरा खाली उतरते. मुलांना विचारलं, ‘यांची मैत्री कधी झाली?’ तर वाचलेली मुलं पाच प्रसंग सांगतात. नुसता सिनेमा पाहिलेली गप्प बसतात. मैत्रीला वेळ लागतो आणि तो वेळ वाचक स्वतः खर्च करतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारला, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या पुस्तकांच्या गावात, २०१७पासून घराघरांत साहित्यप्रकारांनुसार पुस्तकं मांडलेली आहेत. तिथे ओसरीवर बसून एका पानावर अर्धा तास घालवणारं मूल दिसलं तर त्याला हाक मारू नये.

वयाबद्दल फार लांबण लावत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. पर्सी जॅक्सन पहिल्या पुस्तकात बारा वर्षांचा आहे, आणि पाच पुस्तकांची सगळी मालिका तो सोळा वर्षांचा होईल तेव्हाच्या भविष्यवाणीवर उभी आहे. २०१०च्या सिनेमानं त्याला थेट सोळा-सतराचा दाखवला. पहिल्या पानावर लावलेलं घड्याळ तिथेच बंद पडलं. २०२३मध्ये सुरू झालेल्या वेबमालिकेनं त्याला पुन्हा बारा वर्षांचा केला, ते बरं झालं. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचंही वय २०१७च्या सिनेमात असंच वाढलं. फुरसुंगीचा शाळकरी बन्या तिथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला तरुण झाला. तो सिनेमा मला आवडतो, अमेय वाघनं छान केलाय. पण शाळकरी पोराचं धाडस आणि तरुणाचं धाडस यांत जोखीम सारखी नसते. बन्या पुस्तकात संकटात उडी मारतो तेव्हा काळजी जास्त वाटते, कारण तो लहान आहे.

आतापर्यंतचं वाचून कुणाला वाटेल की सिनेमानं पुस्तकाला चिकटून राहिलं की झालं. तसं नाही. डायना विन जोन्स यांच्या १९८६च्या कादंबरीवरून हायाओ मियाझाकींनी २००४ साली हाऊलच्या चालत्या वाड्याचा सिनेमा केला. कादंबरीतला जादूगार हाऊल मुळात आपल्याच जगातल्या वेल्सचा असतो, त्याच्या दाराची एक बाजू तिथे उघडते. सिनेमात वेल्स नाही, तिथे दाराबाहेर युद्ध आहे. कादंबरीची नायिका सोफी वस्तूंशी बोलते आणि तिच्या नकळत त्यांच्यात जीव येतो, तेही सिनेमानं सोडून दिलं. आणि तरीही हा सिनेमा मला अतिशय जवळचा आहे. शापानं म्हातारी झालेल्या सोफीच्या मनातली घालमेल सूत्रधाराशिवाय कशी दाखवणार? मियाझाकींनी तिचं वयच हलतं ठेवलं. ती झोपली की चेहरा तरुण होतो, धीटपणे बोलायला लागली की पाठीचा बाक कमी होतो, मग स्वतःबद्दल शंका आली की सुरकुत्या परत येतात. कादंबरीत जे मनात चालायचं ते इथे चेहऱ्यावर आलं. रूपांतर म्हणावं ते याला. इथे मी मुलांना कोणत्याही क्रमानं जायला सांगते, कारण एक दुसऱ्याचं काही हिरावून घेत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. ती हे सिनेमे बहुतेक वेळा हिंदी डबिंगमध्ये, टीव्हीवर, जाहिरातींच्या मधे बघतात. डबिंगचं वाक्य पडद्यावरच्या ओठांच्या हालचालीत बसावं लागतं, म्हणून ते छाटलं जातं किंवा ताणलं जातं. म्हणजे आधी पटकथेनं गाळलं, मग डबिंगनं पुन्हा चाळलं. पुस्तकाच्या अनुवादकावर ओठांचं बंधन नसतं. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी पुस्तक जड जात असेल तर मंजुल प्रकाशनानं मालिका मराठीत आणली आहे, पहिला भाग ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं. इंग्रजीतच वाचायला हवं असा हट्ट पालकांनी धरू नये. अडखळत वाचलेल्या इंग्रजीपेक्षा सलग वाचलेलं मराठी पुस्तक सिनेमाशी तुलना करायला कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

आणि ज्यांनी आठही सिनेमे पाहिलेच आहेत, त्यांच्या हातात मी पहिलं पुस्तक देत नाही. पहिल्या दोन सिनेमांत पुस्तकातलं बरंच काही शाबूत आहे, त्यामुळे ‘हे तर माहितीये’ म्हणत मूल तिसाव्या पानावर पुस्तक मिटतं. तिसरं द्यावं आणि एवढंच सांगावं, की त्या नकाशावरची चार नावं कोणाची आहेत ते शोधून काढ. ते झालं की पाचवं, मग पहिल्यापासून सगळी.