टायरचे माप बदलणे

मोटारीला उत्पादकाने ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळ्या रुंदीचे, उंचीचे किंवा वेगळ्या रिमचे टायर बसवणे. या बदलाचा परिणाम स्पीडोमीटरच्या काट्यावर होतो आणि गाडीच्या वळण्या-थांबण्यावरही. मात्र दोन्हींची कारणे निराळी आहेत.

टायरवर १९५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. यातील १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. दोन्हीकडच्या भिंती आणि रिम मिळून चाकाचा व्यास ६३४.५ मिमी भरतो.

स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतो. गिअरबॉक्सपासून किंवा चाकाजवळच्या सेन्सरकडून आलेल्या फेऱ्यांना तो आधीच ठरवून दिलेल्या परिघाने गुणतो. चाक बदलले तरी त्याचे गणित जुनेच राहते. वरील मापाऐवजी २०५/६५ आर १६ लावल्यास व्यास ६७२.९ मिमी, म्हणजे सुमारे ६ टक्के जास्त होतो. आधी काटा अचूक होता असे धरले, तर आता तो १०० दाखवत असताना गाडी १०६ च्या वेगाने धावत असते. ओडोमीटरही तितकेच कमी अंतर नोंदवतो. त्यामुळे मोठ्या टायरांनी मायलेज घटल्याच्या तक्रारीतील काही भाग निव्वळ हिशेबाचा असतो. लहान टायरने हे सगळे उलट होते. टायर झिजण्यानेही तेच घडते: खाचा ८ मिमीवरून १.६ मिमीवर आल्या, की या मापाच्या टायरचा व्यास सुमारे २ टक्क्यांनी घटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ नुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतकी आहे. म्हणून कारखान्यातून निघालेला काटा सहसा थोडा पुढेच असतो, आणि किंचित मोठ्या टायरने तो खऱ्याच्या जवळही येतो. पण ही सवलत समजून माप वाढवणे शहाणपणाचे नाही.

रिम मोठे आणि भिंत त्याच प्रमाणात बुटकी ठेवली, तर काटा जवळपास जागचा हलत नाही. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३१.९ मिमी, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. गाडीची वागणूक मात्र बदलते, कारण ती बरीचशी भिंतीच्या लवचिकतेवर ठरते. बुटकी भिंत वळणावर कमी दबते, त्यामुळे स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो. पण खड्ड्याचा दणका थेट आत पोहोचतो आणि रिम वाकण्याची भीती वाढते. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर चांगला धरतो, साचलेल्या पाण्यावर मात्र अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. एकूण व्यासच वाढला तर प्रत्येक गिअर लांब पडतो (इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते), उठाव मंदावतो, त्याच ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या भागांना घासू शकतो.

एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकांच्या वेगांची आपापसांत तुलना करते. पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर असले, की सरळ रस्त्यावरही तिला चाके वेगवेगळ्या गतीने फिरताना दिसतात. चारही चाकांना कायम शक्ती देणाऱ्या गाडीत हाच फरक डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) सतत राबवतो. म्हणून अशा गाडीत नव्या टायरसोबत फार झिजलेला टायर वापरणेही टाळले जाते.