‘कष्टकऱ्यांना साथ बाधत नाही’ हे खरं आहे का?

‘राबणाऱ्यांची प्रतिकारशक्ती दांडगी, त्यांना साथ बाधत नाही’ असा मेसेज दर साथीत फिरतो. तो पटतो, कारण घरकामाच्या मावशी खोकत का होईना, रोज येताना दिसतात. पण त्या बऱ्या असतात म्हणून येत नाहीत. खाडा झाला की पगार कापला जातो, म्हणून येतात. जी अंथरुणाला खिळते, ती गावी जाते आणि आपल्या नजरेआड होते.

पुण्यात पर्वती पायथ्याच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहतात, आणि सकाळी सार्वजनिक संडासापुढे रांग लागते. ‘वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला तिथं पाळायचा कसा? श्रमानं अंग काटक होतं, पण नव्या विषाणूशी लढायची तयारी त्यातून होत नाही. उलट अपुरं खाणं, क्षय, बांधकामावरची धूळ यांनी फुप्फुसं आधीच थकलेली असतात.

तपासायचं असेल तर नुसता एकूण आकडा पाहू नका, दर हजारी प्रमाण पाहा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत, तेव्हा ‘खालच्या’ मानलेल्या जातींमध्ये हजारी सुमारे ६२ मृत्यू नोंदले गेले. युरोपीयांमध्ये सुमारे ८. विषाणू एकच होता. घर, अन्न आणि शुश्रूषा मात्र वेगळी होती.

तोच मेसेज पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला हे प्रमाण शांतपणे सांगा. आणि मावशींना ताप असेल, तर खाडा न धरता सुट्टी द्या.