लॅपटॉपमधून ढोलाचा धम का येत नाही, आणि कमी बजेटमध्ये बरा आवाज कसा ओळखायचा

मिरवणुकीतल्या नाशिक ढोलाचा एखादा चांगला रेकॉर्ड केलेला व्हिडिओ साध्या लॅपटॉपवर लावून बघा. ताशाची कडकड एकदम क्लिअर येते, शिट्ट्या येतात, गर्दीचा आवाज येतो, पण छातीत बसणारा तो धम मात्र येतच नाही, त्याच्या जागी पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारावी तसं काहीतरी ऐकू येतं. हेडफोन लावले की धम हजर! म्हणजे रेकॉर्डिंग ठीक आहे, अडचण लॅपटॉपच्या स्पीकरची आहे.

कारण सरळ आहे. आवाज म्हणजे हवेला दिलेला धक्का, आणि सूर जेवढा खालचा तेवढी जास्त हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली गेला, म्हणजे त्याची कंपनं निम्मी झाली, की तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं, दोन सप्तकं खाली गेला तर सोळापट. 400 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 400 कंपनांचा, सूर आरामात काढणाऱ्या स्पीकरला 100 हर्ट्झचा तेवढाच मोठा काढायचा तर सोळापट हालचाल पाहिजे, आणि ढोलाचा धम साधारण 100 च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. आता लॅपटॉपच अख्खा दोनेक सेंटिमीटर जाडीचा, त्यात कीबोर्ड, बॅटरी, पंखा सगळं कोंबलेलं, मग त्या इवल्याशा पडद्याला मिलिमीटरभर हलायलासुद्धा जागा मिळत नाही. 200-300 हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज पडत जातो तो त्यामुळेच.

पण मग एक प्रश्न पडतो, पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूरसुद्धा 100-120 हर्ट्झच्या आसपास असतो, तो कसा काय नीट ऐकू येतो? इथे आपला मेंदू कमाल करतो. आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूरही मिसळलेले असतात, आणि ते पूर्ण पटीत आले की मेंदू खालचा गायब सूर स्वतःच भरून काढतो. जुन्या लँडलाइनवर 300 हर्ट्झच्या खालचं काही येतच नव्हतं, तरी आपण वडिलांचा आवाज पहिल्या हॅलोला ओळखायचो ना, ते ह्याच्यामुळे. तबल्यालाही ह्याचा फायदा मिळतो. त्याच्यावरच्या शाईमुळे, म्हणजे त्या काळ्या गोल थरामुळे, वरचे सूर जवळपास पूर्ण पटीत येतात, सर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये हे दाखवून दिलं होतं. शाई नसलेल्या, नुसत्या ताणलेल्या कातड्याच्या पानाचे वरचे सूर 1.59 पट, 2.14 पट असे वाकडेतिकडे येतात, मग मेंदूला धागाच सापडत नाही. ढोल लॅपटॉपवर इतका केविलवाणा का वाटतो ते ह्यातून कळतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप घेताना बास, म्हणजे हे खालचे सूर, शोधत बसू नका, तो तिथे मिळणार नाही. बोलणं किती स्पष्ट येतं ते बघा. ऑनलाइन क्लास, मीटिंग, बातम्या, नाट्यसंगीत, अभंग, रोजचं जे ऐकणं आहे ते सगळं मधल्या पट्टीतच असतं, आणि तिथे स्वस्त लॅपटॉपमध्येही चांगलं-वाईट खूप फरक असतो.

स्पेसिफिकेशनमध्ये वॉट लिहिलेले असतात, दीड वॉटचे दोन, दोन वॉटचे दोन वगैरे. त्यावर फार जाऊ नका. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, मग दीड आणि दोनमधला फरक जेमतेम सव्वा डेसिबलचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. डॉल्बी किंवा डीटीएस ह्या आवाजाचं तंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचा स्टिकर असेल तर तो मुख्यतः सॉफ्टवेअरचा असतो. सॉफ्टवेअर वाईट असतं असं नाही, उलट काही सॉफ्टवेअर मुद्दाम वरचे सूर तयार करून मेंदूला बासचा भास करून देतात आणि ते बऱ्यापैकी जमतंही, पण पडदाच लहान असेल तर स्टिकर काय करणार?

खरी बघायची गोष्ट म्हणजे स्पीकर कुठे आहेत. कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला जाळी असेल तर उत्तम. बहुतेक स्वस्त मॉडेलमध्ये ते खाली, टेबलाकडे तोंड करून असतात. स, श, छ ह्या अक्षरांचा आवाज बराच वरच्या पट्टीत, काही हजार हर्ट्झचा असतो, तिथे तरंगलांबी थोड्याच सेंटिमीटरची, आणि असे आखूड तरंग सरळ रेषेत जातात, वाटेत काही आलं की अडतात. कडक टेबलावर ते आपटून वर येतात म्हणून चालून जातं, पण लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवला की हीच अक्षरं आधी मरतात आणि सर काय बोलले ते परत विचारावं लागतं. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या शेजारच्या काकूंच्या मुलीचा क्लास असाच पलंगावर चालायचा, तिला म्हटलं खाली नुसता पोळपाट ठेव, आवाज लगेच मोकळा झाला.

दुसरं म्हणजे आतला डबा. पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा उलटी खेचली जाते, दोन्ही एकत्र आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून स्पीकरच्या मागे बंद डबा लागतो. त्या मॉडेलचं मागचं झाकण उघडलेला व्हिडिओ शोधा, बॅटरीच्या दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकचे डबे दिसतील. ते जेवढे लांब-रुंद तेवढं बरं, बोटाच्या पेरापेक्षा लहान असतील तर समजून जा.

आणि शेवटी दुकानात जाऊन ऐकाच, ऑनलाइन घेणार असाल तरी. नाशिकमध्ये कॉलेज रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला जिथे डेमो पीस ठेवलेला असेल तिथे शक्यतो सकाळी जा, संध्याकाळच्या गर्दीत आणि एसीच्या घरघरीत सगळे लॅपटॉप सारखेच वाटतात. पेन ड्राइव्हमध्ये आपल्या ओळखीच्या आवाजातलं एक भाषण, एक तंबोऱ्यासकट गाणं आणि खालच्या सुरापासून हळूहळू वर चढत जाणारा एक टेस्ट टोन, म्हणजे तपासणीसाठीचा नुसता सूर, घेऊन जा. भाषण निम्म्या व्हॉल्यूमवर दोन हात लांब उभं राहून ऐका, शब्द न शब्द कळला पाहिजे. मग टोन फुल व्हॉल्यूमवर लावा आणि तळवा कीबोर्डच्या खालच्या पट्टीवर दाबा. मध्येच झर्रझर्र असा आवाज येत असेल आणि तळवा दाबल्यावर तो बदलत किंवा थांबत असेल, तर स्पीकर नाही, लॅपटॉपची बॉडीच थरथरतेय, ते मॉडेल सोडून द्या. बॉडी दाबूनही झर्रझर्र तशीच राहिली तर पडदाच त्याच्या मर्यादेला आपटत असण्याची शक्यता जास्त, मग व्हॉल्यूम सत्तर टक्क्यांवर आणून परत ऐका, तिथे स्वच्छ असेल तर घ्यायला हरकत नाही.