घर मुलाच्या नावावर केलं म्हणजे सगळं संपलं?

खान्देशात पारावर नेहमी ऐकू येणारं आणि मोबाइलवर फिरणारं वाक्य: ‘एकदा बक्षीसपत्र झालं की म्हाताऱ्यांचा घरावर काही हक्क राहत नाही.’ सही परत घेता येत नाही, हे खरंच वाटतं. म्हणूनच कितीतरी आया धाब्याच्या घराच्या ओट्यावर खाट टाकून मुकाट राहतात.

पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 वेगळं सांगतं. कायदा लागू झाल्यानंतर, सांभाळ करण्याच्या अटीवर साठीपुढच्या माणसाने घर दिलं आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं.

खरी मेख अटीत आहे. ट्रंकेतलं बक्षीसपत्र काढा, ‘सांभाळ’, ‘पालनपोषण’ असे शब्द शोधा. कागद हरवला असेल तर दुय्यम निबंधकांकडून नक्कल मिळते. अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून अजून सही केली नसेल, तर आधी अट लिहून घ्याच.

हस्तांतरण रद्द करण्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत प्रांत कार्यालयं आहेत. स्वतः हे करणं जमत नसेल, तर नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही तुमच्या वतीने अर्ज देऊ शकते.