थंड असताना पातळ, गरम झालं की घट्ट: प्ल्युरॉनिकच्या जेलची पार्श्वभूमी

स्मार्ट पॉलिमर, म्हणजे तापमानासारखी गोष्ट बदलली की स्वतःही बदलणाऱ्या लांब रेणूसाखळ्या, म्हटलं की सगळे डायरेक्ट पी-निपॅम या पॉलिमरवर आणि तो ज्या तापमानाला पाण्यातून वेगळा होतो त्या ३२ अंशांवर उडी मारतात, पण पाण्यात विरघळणारे आणि तापमान बघून स्वतःहून गोळा होणारे ब्लॉक कोपॉलिमर (वेगवेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडून केलेल्या साखळ्या) त्याआधीच, १९५०च्या दशकात, बाजारात आले होते. त्यांतलंच प्ल्युरॉनिक, म्हणजे मधे पीपीओ (पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइड, पाण्याशी कमी जमणारा तुकडा) आणि दोन्ही टोकांना पीईओ (पॉलिएथिलीन ऑक्साइड, पाण्याशी जमणारा). तेव्हा ते निव्वळ सर्फॅक्टंट (साबणासारखं काम करणारा पदार्थ) म्हणून विकले जायचे.

खरी मजा एफ१२७ या प्ल्युरॉनिकची. साधारण २० टक्क्यांचं द्रावण फ्रिजमध्ये पाण्यासारखं वाहतं आणि अंगाच्या उष्णतेला चक्क घट्ट होतं, म्हणून १९७२ मध्येच भाजलेल्या जखमांवर लावायला ते सुचवलं गेलं. वापर सुरू, पण घट्ट का होतं यावर मात्र वीसेक वर्षं एकमत नाही. कोणी म्हणे साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं होतं, कोणी म्हणे पीपीओभोवतीचं पाणी सुटतं तेवढ्यानेच सगळं होतं. त्यात मायसेल (पीपीओ आत आणि पीईओ बाहेर ठेवून साखळ्यांचे बनणारे सूक्ष्म गोळे) नेमके कोणत्या कॉन्सन्ट्रेशनला बनतात याचे आकडेही एका लॅबचे दुसरीशी जुळेनात, कारण ते तापमानावर प्रचंड अवलंबून आणि शिवाय कारखान्याच्या मालात अर्धवट साखळ्यांची भेसळ असायचीच.

नव्वदच्या सुरुवातीला न्यूट्रॉन स्कॅटरिंगने, म्हणजे न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून आतली रचना ओळखण्याच्या तंत्राने, निकाल लावला. तापवलं की पीपीओ पाण्याला नकोसा होतो, मायसेल वाढतात, आणि त्यांनी साधारण ५३ टक्के जागा व्यापली की ते डब्यात लाडू रचावेत तसे क्युबिक रचनेत अडकून बसतात. पाणी सुटण्याचा मुद्दा चूक नव्हता, अर्धा होता. जाळंवाल्यांचं मात्र मला कधीच पटलं नाही, कारण जाळं असतं तर वरून पाणी घातल्यावर हे जेल इतक्या पटकन विरघळलं नसतं. शरीरात ते फार टिकत नाही ही औषधवाल्यांची जुनी तक्रार तिथूनच येते.

पुढे १९९५ला एटीआरपी, १९९८ला राफ्ट या साखळ्या हव्या तशा बांधायच्या पद्धती आल्या आणि पीएच, तापमान, प्रकाश, काय हवं त्याला दाद देणारे ब्लॉक जोडता येऊ लागले, १९९८लाच तर एकाच पाण्यात आतलं बाहेर उलटणारे मायसेलही दिसले. पेपरांचा पूर आला. आणि एफ१२७? त्याचं पटकन वाहून जाणंच आता कामाला येतं, थ्रीडी प्रिंटिंगमध्ये त्याने नळ्यांचा आकार छापायचा, भोवती दुसरं जेल ओतून पक्कं करायचं, मग सगळं थंड करून हे ओढून काढायचं, की आत पोकळ वाट तयार.